बहिणीला बोलवा, पण वर्षश्राद्धाच्या दिवशी नको

सोलापूरहून एका भगिनीने सविस्तर पत्र पाठवले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून, त्यांच्या संमतीने, त्यातला मुख्य भाग आधी देत आहे.

"आम्ही तिघी बहिणी, मी थोरली, वय 48. मी बारा वर्षांची असताना वडील घर सोडून गुलबर्ग्याला गेले. आईशी घटस्फोट झालेला नसतानाच त्यांनी तिकडे देवळात दुसरे लग्न केले. आईने शाळांचे गणवेश शिवून आम्हा तिघींना वाढवले, शिकवले, आमची लग्ने केली. तिकडच्या घरात वडिलांना एक मुलगी झाली. ती आता 26 वर्षांची आहे आणि औषधाच्या दुकानात काम करते. तिची आई काही वर्षांपूर्वी वारली. वडील गेल्या मार्गशीर्षात गेले. शेवटच्या आजारपणात त्यांचे सगळे तिनेच केले. अंत्यविधीला मी आणि धाकटी गेलो होतो, तेव्हा तिला पहिल्यांदा पाहिले. गेल्या महिन्यात तिचा निरोप आला: 'ताई, बाबांचे वर्षश्राद्ध कोठे करणार आहात एवढे कळवाल का? मी घरात येणार नाही. लांबून नमस्कार करून जाईन.' सोबत बाबांचा एक फोटो होता. त्याच सुमारास माझ्या मुलीने मला 'अवर लिटल सिस्टर' हा जपानी चित्रपट दाखवला आणि त्यानंतर माझी झोप उडाली आहे. पेठेतले आमचे घर अजून वडिलांच्याच नावावर आहे, मृत्युपत्र नाही. मधली बहीण म्हणते, ती हिस्सा मागायला येते आहे, सिनेमे बघून संसार चालत नाहीत. धाकटीला तिला भेटायचे आहे. आई म्हणते, ती उंबऱ्याच्या आत आली तर मी बाहेर जाईन. आणि खरे सांगायचे तर मला त्या मुलीचा हेवाही वाटतो. मी भावनेच्या भरात वाहवत चालले आहे का? तिला श्राद्धाला बोलावू का?"

ताई,

उत्तर आधी देते, कारणे नंतर सांगते. या मुलीला अवश्य भेटा. वर्षश्राद्धाच्या आधी भेटा आणि तुम्ही स्वतः बोलावून भेटा. परंतु श्राद्धाच्या दिवशी तिला घरी आणू नका, आणि आईच्या कानावर घातल्याशिवाय तर हे पाऊल मुळीच उचलू नका. तुम्ही वाहवत चालला आहात असे मला वाटत नाही. चित्रपटाने तुमच्या मनात नवे काही पेरलेले नाही. अंत्यविधीच्या दिवसापासून जे तुमच्या मनात होते, त्याला त्याने वाट करून दिली. मात्र त्या चित्रपटातले काय घ्यायचे आणि काय तुमच्या घराला लागू पडत नाही, हे नीट निवडून घ्यायला हवे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

ज्या वाचकांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हिरोकाझू कोरेएदा यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 2015 सालचा आहे. अकिमी योशिदा यांच्या चित्रकथामालिकेवर तो आधारलेला असून त्या वर्षी कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत त्याची निवड झाली होती. तोक्योच्या दक्षिणेला समुद्रकाठी वसलेल्या कामाकुरा या जुन्या गावात, आजीच्या लाकडी घरात, तीन सज्ञान बहिणी राहतात. थोरली साची रुग्णालयात परिचारिका आहे, मधली योशिनो बँकेत आहे आणि धाकटी चिका खेळाच्या सामानाच्या दुकानात काम करते. वडील पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या स्त्रीसाठी घर सोडून गेलेले आहेत. पुढे आईनेही मुलींना आजीजवळ ठेवून दुसरा संसार मांडला आहे. वडील वारल्याचे कळते, तिघी दूर उत्तरेकडे यामागाता प्रांतात अंत्यविधीला जातात आणि तेथे सुझु ही आपली शाळकरी बहीण त्यांना प्रथमच भेटते. सुझुची आई आधीच गेलेली आहे आणि वडिलांनी तिसरे लग्न केलेले आहे, म्हणजे ती मुलगी आता सावत्र आईच्या घरात उरलेली आहे.

अंत्यविधीच्या वेळची एक छोटी घटना तुम्हाला आठवत असेल. आलेल्या माणसांपुढे चार शब्द बोलायचे असतात, विधवा पत्नी रडून कोलमडलेली असते, आणि ते काम सुझुने करावे असे कोणीतरी सुचवते. साची तेथेच अडवते आणि हे मोठ्यांचे काम आहे, लहान मुलीवर टाकू नका, असे स्पष्ट सांगते. त्या मुलीला ती जेमतेम काही तासांपूर्वी भेटलेली असते. वडिलांविषयी तिच्या मनात माया नाही, या घराविषयी नाही, तरीही मोठ्यांनी निस्तरायचे ओझे एका पोरीच्या खांद्यावर जाते आहे हे तिला सहन होत नाही. मला वाटते, त्या दोघी बहिणी झाल्या त्या या क्षणी; परतताना स्टेशनच्या फलाटावर साची सुझुला आपल्या घरी राहायला बोलावते, ते त्यानंतरचे आहे.

आता तुमच्या बहिणीचा निरोप पुन्हा वाचा. "मी घरात येणार नाही. लांबून नमस्कार करून जाईन." 26 वर्षांची, कमावती, बापाची शेवटची सेवा केलेली मुलगी स्वतःच्या वडिलांच्या श्राद्धाविषयी लिहिताना आधी स्वतःला उंबऱ्याबाहेर उभी करते आणि मगच प्रश्न विचारते. कोणी नाही म्हणायच्या आतच तिने स्वतःला नाही म्हणून टाकले आहे. असे लिहायला माणूस एका दिवसात शिकत नाही. आपल्या असण्यानेच कोणाचे तरी वाईट झाले आहे, ही समजूत ती लहानपणापासून बाळगत आली असणार. चित्रपटातली सुझुही अशीच आहे: आपल्या आईने बायको असलेल्या माणसावर प्रेम केले हे चुकीचेच होते, असे ती मोठ्या बहिणीजवळ कबूल करून टाकते, जणू तो गुन्हा तिचाच होता. तुमचे वडील घर सोडून गेले तेव्हा ही मुलगी जन्मालाही आलेली नव्हती. त्यांच्या वर्तनाचा हिशेब तिच्याकडून मागता येत नाही, आणि ती आपण होऊन तो चुकवायला निघाली असेल तर थोरल्या बहिणीने तिला थांबवले पाहिजे. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे. वडिलांना क्षमा करायची की नाही हा तुमचा आणि त्यांचा प्रश्न आहे. तो आयुष्यभर तसाच राहिला तरी चालेल. बहिणीला भेटण्यासाठी तो सुटायला हवा, अशी अट घालून बसू नका.

यापुढे तुमची वाट चित्रपटापासून वेगळी होते. साचीने सुझुला घरी आणले तेव्हा त्या घरात आई नव्हती. नात्यातली एक वृद्ध स्त्री तिला बजावते खरी, की ही बहीण असली तरी तुमचा संसार मोडणाऱ्या बाईची मुलगी आहे. परंतु तो सल्ला बाजूला सारण्याइतकी मोकळीक साचीला होती. तुमची आई त्याच घरात राहते, ज्या घरातून तिचा नवरा उठून गेला. शेजारणींच्या नजरा, नातेवाइकांचे टोमणे, रात्री उशिरापर्यंत चालणारी शिलाईची यंत्रे, हे सगळे तिने त्याच भिंतींच्या आत सोसले आहे. तिच्या हयातीत, तिच्या मर्जीविरुद्ध, त्या घरात कोणालाही आणू नये. "ती आत आली तर मी बाहेर जाईन" हे तिचे बोलणे हट्टाचे वाटत असले तरी तो तिचा अधिकार आहे, आणि तो तिने फार मोठी किंमत देऊन मिळवला आहे. चित्रपट पाहून मन भरून आलेले असताना या फरकाकडे दुर्लक्ष होऊ शकते, म्हणून इतके ठासून सांगते.

परंतु आईचा अधिकार घरापुरता आहे. 48 वर्षांच्या मुलीने कोणाला भेटावे, यावर तो चालत नाही. म्हणून आईकडे परवानगी मागू नका आणि तिच्यापासून लपवूही नका. एखाद्या दुपारी, धाकटी आलेली असताना, तिच्याजवळ बसून सांगा, की मी त्या मुलीला भेटणार आहे, घराबाहेर भेटणार आहे, तू तिला भेटावेस अशी माझी अपेक्षा नाही आणि तिला घरात आणण्याचा विषय तू काढल्याशिवाय मी काढणार नाही. आई रागावेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तिला समजावण्याच्या भरात मुलीचे गुण गाऊ नका; तिने बाबांची किती सेवा केली हे तर आईसमोर मुळीच बोलू नका. ज्या माणसाची सेवा करण्याचा प्रसंगही आईच्या वाट्याला येऊ दिला गेला नाही, त्याच्या सेवेचे कौतुक तिने ऐकून घ्यावे ही अपेक्षा निष्ठुर आहे. बाहेरून, तिसऱ्याच्या तोंडून तिला कळले तर मात्र तुम्हीही बापासारखेच पाठीमागून वागलात असे तिला वाटेल, आणि ती जखम भरून यायला वेळ लागेल.

श्राद्धाचेही कारण हेच आहे. वर्षश्राद्धाला नातलग जमतात, काकांची पोरे येतात, जेवणाची पंगत असते. चार डोळे त्या मुलीकडे आणि चार आईकडे लागलेले असताना चार शब्दही तुम्हाला नीट बोलता येणार नाहीत. शिवाय वर्षश्राद्धाच्या दिवशी घराचा केंद्रबिंदू वडील असतात. त्या दिवशी ती मुलगी पुन्हा वडिलांच्या चुकीची खूण म्हणूनच पाहिली जाईल. तिथी तिला जरूर कळवा. त्या दिवशी तिने आपल्या घरी वडिलांच्या तसबिरीपुढे पान वाढावे, तुम्ही येथे वाढा. पुढल्या पितृपक्षात त्यांच्या तिथीला काय करायचे, ते तेव्हा पाहू.

आता मधल्या बहिणीच्या भीतीविषयी. तिला लोभी समजू नका. आईच्या डोक्यावरचे छप्पर जाईल का, ही धास्ती तिच्या बोलण्यामागे असावी, आणि ती धास्ती उघडपणे बोलून दाखवणारे कोणीतरी घरात असलेले बरे. तिला कायदा समजावून सांगा. आईशी घटस्फोट झालेला नसल्यामुळे वडिलांचे दुसरे लग्न हिंदू विवाह कायदा, 1955 नुसार शून्यवत ठरते. पण त्याच कायद्याच्या कलम 16 प्रमाणे अशा लग्नातून झालेले अपत्य औरस मानले जाते आणि आईबापांच्या मालमत्तेत त्याला हक्क मिळतो. घर वडिलांनी स्वतः घेतलेले असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे तुमची आई, तुम्ही तिघी आणि ती मुलगी, असे पाच समान हिस्से होतात. घर वाडवडिलार्जित असेल तर हिशेब निराळा होतो: सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2023 रोजी दिलेल्या निकालानुसार, मृत्यूच्या लगेच आधी वाटणी झाली असती तर वडिलांच्या वाट्याला जो हिस्सा आला असता, त्यात तिचा वाटा धरला जातो. म्हणून सिटी सर्व्हेचा उतारा, खरेदीखत आणि त्या लग्नाचे जे काही पुरावे असतील ते एखाद्या जाणत्या दिवाणी वकिलाला दाखवून घर नेमके कोणत्या प्रकारात मोडते हे आधी ठरवून घ्या.

मधल्या बहिणीला एक गोष्ट पटली की तिचा बराचसा विरोध मावळेल असे मला वाटते. हा हक्क त्या मुलीला भेटल्याने निर्माण होत नाही आणि न भेटल्याने बुडत नाही. तुम्ही तिला जन्मभर टाळलेत तरी कायद्याने जे तिचे आहे ते तिचेच राहील. उलट, तिला वगळून वारसनोंद करून घेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो आत्ताच सोडा. वारसनोंदीसाठी जे प्रतिज्ञापत्र करावे लागते त्यात माहीत असलेला वारस लपवणे हा गुन्हा आहे, आणि अशी नोंद पुढे घर विकताना किंवा कर्ज काढताना हमखास उलटते. तसेच, पहिल्या भेटीत तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा विषय काढू नका. ती बहुधा लगेच सही करून देईल. स्वतःला उंबऱ्याबाहेर उभी करणारी मुलगी प्रेमाच्या दोन शब्दांसाठी काहीही सोडून देईल, आणि नेमके म्हणूनच तिच्याकडून ते घेऊ नये. पुढे कधी तिने स्वतः विचार करून, स्वतःच्या वकिलाला विचारून, दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन हक्क सोडायचा ठरवला तर तो तिचा निर्णय राहील. तोपर्यंत आई हयात आहे तोवर घर विकायचे नाही, एवढे तुम्ही तिघींनी आपसात ठरवले तरी सध्याची निकड भागते.

आता हेव्याविषयी. तुमच्या पत्रातले ते वाक्य मला सर्वांत प्रामाणिक वाटले. तिने पाठवलेल्या फोटोचे तुम्ही वर्णन केले आहे: वडील जमिनीवर मांडी घालून बसले आहेत, पुढ्यात ताटलीत कडक भाकरीचे तुकडे आहेत, बाजूला शेंगाचटणीची बरणी आहे, आणि मनगटावर तेच स्टीलचे घड्याळ आहे जे तुम्ही लहानपणी किल्ली देऊन ठेवत होता. तिने खाली लिहिले होते, की शेंगाचटणी तिकडेही मिळते, पण बाबांना सोलापूरचीच लागे, कोणी इकडे येणार असले की ते हमखास मागवत. फोटो बघून तुम्ही आत जाऊन रडलात, आणि ते रडणे दुःखाचे होते की संतापाचे हे तुम्हाला कळले नाही. दोन्हीचे असणार. जो माणूस तुमच्या वाट्याला बारा वर्षेच आला, तो दुसऱ्या गावात रोज जेवत होता, हसत होता, आणि त्याच्या जिभेवर तुमच्याच गावची चव होती. मग तो परत का आला नाही, हा प्रश्न ज्याला विचारायचा तो आता राहिलेला नाही.

चित्रपटात याच ठिकाणी फार सूक्ष्म काम केलेले आहे. कामाकुराच्या किनाऱ्यावर शिरासू नावाचे इवलेसे पांढरे मासे मिळतात, भातावर किंवा भाजलेल्या पावावर घालून ते खातात. सुझुने ते वडिलांच्या हातचे खाल्लेले असतात, म्हणजे कामाकुराची चव तिला कामाकुरात पाऊल ठेवण्याआधीपासून ठाऊक असते. पण बहिणींसमोर ती हे बोलत नाही, कारण त्यांना न मिळालेले वडील आपल्याला मिळाले हे त्यांना टोचेल असे तिला वाटते. दुसरीकडे चिका आहे, जिला वडील जवळजवळ आठवतच नाहीत. ती एकदा सहज विचारते, बाबा कसे होते, आणि सुझु सांगते की त्यांना मासे पकडायला फार आवडायचे. चिकाचा चेहरा उजळतो. तेवढ्याने तिला वडील मिळतात. तुमची धाकटी बहीण, जी वडील गेले तेव्हा जेमतेम चालायला लागली असेल, तिला या मुलीला का भेटायचे आहे हे मला यावरून समजते. तुमच्याजवळ बारा वर्षांच्या आठवणी तरी आहेत. धाकटीजवळ काहीच नाही, आणि ज्या एका व्यक्तीजवळ ते सगळे आहे ती दीड-दोन तासांच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर आहे.

म्हणून हेवा वाटला तर वाटू द्या, तो लपवण्यात शक्ती घालवू नका. भेटीत ती वडिलांविषयी काही सांगू लागली आणि तुम्हाला ऐकवेनासे झाले, तर तसे सांगा: आज एवढेच पुरे, बाकीचे पुन्हा कधी तरी सांग. त्याने ती दुखावणार नाही. तुम्ही सगळे हसतमुखाने ऐकून घेतलेत आणि नंतर महिनाभर फोन उचलला नाहीत, तर ती दुखावेल. टेकडीवर उभ्या राहून साची वडिलांच्या नावाने आणि सुझु आपल्या आईच्या नावाने मोठ्याने ओरडतात, तो प्रसंग तुम्हाला फार भावला असे तुम्ही लिहिले आहे. तो प्रसंग चित्रपटात बराच उशिरा येतो. त्याआधी कितीतरी साधे दिवस गेलेले असतात, अंगणातल्या झाडाची आंबट फळे उतरवून त्यांचे मद्य घालण्याचे, शाळेच्या डब्याचे, अंघोळीच्या पाळीवरून होणाऱ्या भांडणांचे. तुम्हाला तो उमाळा पहिल्याच भेटीत हवा असेल तर निराशा होईल. पहिली भेट बहुधा अवघडलेली होईल, हवापाण्यावर बोलून संपेल, आणि तरीही ती चांगली झाली असे समजा.

भेट कोठे घ्यायची हेही तुम्ही विचारले आहे. हॉटेलात नको, समोरासमोर बसून एकमेकींकडे पाहत राहावे लागते आणि बोलणे सुचत नाही. सिद्धेश्वर मंदिरात भेटा. सकाळच्या गाडीने ती आली की स्टेशनवर तुम्ही आणि धाकटीने जावे, तिने एकटीने रिक्षा शोधत येऊ नये. दर्शन घेऊन तळ्याच्या बाजूने चालत बोलता येते; एकमेकींच्या चेहऱ्याकडे सतत पाहावे लागत नाही, मध्येच गप्प झाले तरी विचित्र वाटत नाही. सोमवार टाळा, गर्दी असते. मार्गशीर्षाच्या आधी जमले तर उत्तम. पौषात संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरली की त्या परिसरात निवांत बोलणे अशक्य होते. मधल्या बहिणीला निमंत्रण द्या, आग्रह करू नका. ती आली नाही तर तिच्याविषयी त्या मुलीजवळ तक्रारीचा एकही शब्द काढू नका, कारण बहिणींच्या मतभेदाला आपण कारण झालो असे ओझे ती लगेच उचलेल. दुपारचे जेवण धाकटीच्या सासरी होऊ शकत असेल तर पाहा. नसेल तर डबा न्या, बाहेर कोठेही बसून खाता येईल. परत जाताना तिच्या पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरीची चवड द्या. ती मागणार नाही, पण बाबा गेल्यापासून तिने सोलापूरहून काही मागवले नसावे.

एक धोका सांगून ठेवते. तुम्ही थोरल्या आहात, बारा वर्षांच्या असल्यापासून घराचा भार उचलत आला आहात, आणि अशा स्त्रिया एकदा कोणाला आपले म्हटले की त्याचा सगळा भार अंगावर घेतात. चित्रपटातल्या साचीचेही तसेच आहे. इतरांचे करता करता तिचे स्वतःचे बालपण निसटून गेलेले आहे. ही मुलगी शाळकरी नाही. तिला आईची जागा भरून देऊ नका, तिच्या लग्नाची काळजी लगेच करू नका, दर आठवड्याला फोन करण्याचे वचन देऊ नका. जमेल तेवढेच बोला आणि तेवढे मात्र पाळा. तिच्या आयुष्यातून माणसे एकेक करून गेलेली आहेत. भरभरून आश्वासन देऊन मागे हटणारे आणखी एक माणूस तिला सोसवणार नाही.

निरोप फोनवर बोलून देण्यापेक्षा लिहून पाठवा, म्हणजे तिला उत्तर द्यायला वेळ मिळेल. निमंत्रण मोघम असू नये. "कधी तरी ये" म्हटले तर ती कधीच येणार नाही. आईचे नाव, घराचा उल्लेख आणि कोणतेही स्पष्टीकरण त्यात नको. शब्द तुमचेच असावेत, तरी सुरुवातीला हाताशी असावे म्हणून एक मसुदा देते. तारीख तुमच्या सोयीने बदला.

"तुझा निरोप आणि बाबांचा फोटो मिळाला. वर्षश्राद्धाची तिथी तुला कळवीन. त्याआधी मला आणि धाकटीला तुला भेटायचे आहे. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळच्या गाडीने सोलापूरला येशील का? आम्ही दोघी स्टेशनवर असू, दिवसभर बरोबर राहू आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून देऊ. लांबून नमस्कार करायची गरज नाही. तो रविवार जमत नसेल तर तुला जमेल तो दिवस सांग. ताई."

ती लगेच हो म्हणेल असे नाही. चार दिवस उत्तर आले नाही तर पुन्हा विचारू नका, वाट पाहा. नाही म्हणाली तर तिथी ठरल्याप्रमाणे कळवा आणि संक्रांतीला तिळगूळ पाठवा.